सह्याद्रीच्या देवळांतील फिरंगी घंटा

१

मुळशी तालुक्याच्या पश्चिम कडेस तेलबैल्याच्या जुळ्या कातळांपाशीं उभें राहिलें असतां खालीं कोंकणांत सुधागड दिसतो, आणि त्याच्या पलीकडे पालीचें बल्लाळेश्वराचें क्षेत्र आहे. तेलबैल्याहून सवाष्णीच्या घाटानें उतरणारा मनुष्य सुधागडाच्या पायथ्याशीं पोंचतो. तेथून पाली फार दूर नाहीं. या पालीच्या देवळांत युरोपीय घडणीची एक घंटा आहे. वसई व साष्टी जिंकल्यावर चिमाजी आप्पांनीं ती देवास वाहिली, असें तेथें सांगतात. हीच कथा भीमाशंकरास ऐकूं येते, वांईजवळ मेणवलीस ऐकूं येते, नाशकास नारो शंकराच्या देवळापाशींही ऐकूं येते. जेथें जेथें अशी घंटा आढळली तेथें तेथें वसई आणि चिमाजी आप्पा हीं दोन नांवें तिला चिकटलेलीं आहेत.

ही परंपरा मुळांत खोटी आहे असें आमचें म्हणणें नाहीं. परंतु प्रत्येक घंटेस एकच उत्तर देऊन मोकळें झाल्यामुळें घंटा स्वतः काय सांगते इकडे कोणाचें लक्ष जात नाहीं. जुन्या कागदाची परीक्षा आपण हस्ताक्षर, शिक्का, मिति आणि कागदाचा पोत पाहून करतों. घंटेसही अक्षर आहे, शिक्का आहे, सन आहे, पोत आहे. शिवाय कागदास नसलेली एक गोष्ट तिच्यापाशीं आहे, ती म्हणजे आवाज. या सर्वांची साक्ष कशी घ्यावी आणि ती साक्ष आपल्याच हातांनीं कशी पुसली जात आहे, हें या लेखांत दाखविण्याचें योजिलें आहे.

२

प्रथम इतिहास थोडक्यांत सांगूं. उत्तर कोंकणांतील पोर्तुगीजांविरुद्धची मोहीम १७३७ सालीं ठाण्यापासून सुरू झाली आणि १७३९ च्या मे महिन्यांत वसईचा कोट शरण आल्यावर संपली. त्या एका कोटांत फ्रान्सिस्कन, डोमिनिकन, जेझुइट व ऑगस्टिनियन या चारही पंथांचे मठ अथवा देवालयें होतीं. शिवाय साष्टी बेट, ठाणें, माहीम, केळवें, तारापूर, डहाणू या मुलखांत चर्चें पसरलेलीं होतीं. तेव्हां "वसईची घंटा" याचा अर्थ वसईच्या कोटांतीलच घंटा असा होत नाहीं. वसई प्रांतांतील कोणत्याही चर्चची घंटा असा होऊं शकतो.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची आहे. साष्टी या नांवाचे प्रांत दोन आहेत: एक मुंबईच्या उत्तरेचें बेट, व दुसरा गोमंतकांतील मडगांवच्या भोंवतालचा महाल. वसईस वेढा पडावयाच्या सुमारास, १७३९ च्या जानेवारींत, व्यंकटराव घोरपडे व दादाजीराव भावे नरगुंदकर यांनीं गोव्याच्या साष्टींत शिरून मडगांव घेतलें. त्याच्याही आधीं १६८३ सालीं संभाजी महाराजांनीं गोव्यावर स्वारी केली होती. रेवदंड्याचें म्हणजे चौलचें ठाणें तर १७४० च्या तहानें मराठ्यांकडे आलें. तेव्हां एखाद्या ग्रामकथेंत "साष्टीहून आणलेली घंटा" असे शब्द आढळले तर ती साष्टी कोणती हा प्रश्न विचारल्यावांचून पुढें जातां येत नाहीं. देशावरील व दक्षिण महाराष्ट्रांतील घंटांविषयीं ही सावधगिरी विशेष बाळगावी.

जिंकलेल्या देवालयाची घंटा आपल्या देवापुढें बांधणें ही रीत मराठ्यांचीच होती असेंही नाहीं. ज्या इबेरियन द्वीपकल्पांतून पोर्तुगीज आले, तेथेंच इ. स. ९९७ त कॉर्दोव्ह्याच्या अल्मन्सूरनें सांतियागोच्या देवालयाच्या घंटा हिसकावून नेल्या, व त्या मशिदींत दिव्यांकरितां टांगल्या. १२३६ त कॉर्दोव्हा पडल्यावर कास्तीलच्या फर्नांदोनें त्याच घंटा मुसलमान कैद्यांच्या खांद्यांवरून परत सांतियागोस पोंचविल्या, असा वृत्तान्त आहे. युरोपांत पुढें शरण आलेल्या शहराच्या घंटांवर तोफखान्याच्या मुख्याचा हक्क मानीत, व गांवकऱ्यांना त्या पैसे देऊन सोडवाव्या लागत. कारण उघड आहे: घंटेचें कांसें व तोफेचें कांसें यांत अंतर थोडें. या पार्श्वभूमीवर पाहतां आपल्याकडे कित्येक घंटा भट्टींत न जातां देवळांत गेल्या, व ज्या कामासाठीं ओतल्या गेल्या तेंच देवास हांक मारण्याचें काम करीत राहिल्या, ही लक्षांत ठेवण्यासारखी गोष्ट होय.

३

आतां घंटेच्या रूपाकडे वळूं. फिरंगी घंटा ओळखण्यास लेख वाचावाच लागतो असें नाहीं. आपल्या कांसारांची जुनी घंटा बहुधा खांद्याशीं गोल, अंगानें सरळ व कांठाशीं बेताचीच जाड असते. वर कडी असून तीवर कधीं नंदी, कधीं गरुड बसविलेला असतो. युरोपीय घंटा कंबरेशीं आंत वळते व कांठाकडे फांकते, आणि कांठाच्या किंचित् वर तिची जाडी सर्वांत अधिक असते. आंतला लोलक नेमका याच जाड पट्ट्यावर आदळावा अशी योजना असते. माथ्यावर एकाच कडीऐवजीं अनेक कानांचा मुकुट असतो. या कानांतून लोखंडी पट्ट्या ओवून घंटा लांकडी ओंडक्यास आवळीत.

लेख बहुधा खांद्याखालीं अथवा कंबरेवर असतो. पायऱ्यांवर उभारलेला क्रूस, बाल येशूसह मेरी, एखाद्या संताचें नांव, आणि सन हे नेहमींचे विषय. रोमन लिपींतील आय, एच, एस हीं तीन अक्षरें दिसलीं कीं घंटा जेझुइटांची, असा निर्णय कित्येकजण देऊन टाकतात. तो बरोबर नव्हे. तीं ग्रीक भाषेंतील येशूच्या नांवाचीं पहिलीं तीन अक्षरें होत. जेझुइटांनीं तीं आपल्या मुद्रेवर घेतलीं हें खरें, परंतु त्यांचा पंथ निघण्यापूर्वींच, पंधराव्या शतकांत, फ्रान्सिस्कन संत बेर्नार्दिनोनें त्यांचा मोठा प्रसार केला होता. एवढ्या खुणेवरून घंटेस पंथ ठरवून देऊं नये.

अक्षरें उलटीं किंवा आडवीं दिसलीं तरी चकित होण्याचें कारण नाहीं. घंटा ओततांना आधीं आंतला गाभा करीत, त्यावर मातीची खोटी घंटा घडवून तीवर मेणाचीं अक्षरें व चित्रें चिकटवीत, त्यावर बाहेरचा सांचा लेपीत. मग सांचा उचलून खोटी घंटा फोडून काढीत व राहिलेल्या पोकळींत रस ओतीत. मेणाचें अक्षर चिकटवितांना उलटें झालें म्हणजे तें कायमचें उलटेंच राही. असे दोष एकाच ओतशाळेच्या अनेक घंटांवर सारखे आढळल्यास तो ओतशाळेचा शिक्काच समजावा. गोव्यांत अशा ओतशाळा होत्या. जुन्या गोव्याच्या से कॅथेड्रलमधील "सोन्याची घंटा" म्हणून प्रसिद्ध असलेली घंटा १६५२ सालीं कुंकळ्ळीस ओतलेली आहे. म्हणून "फिरंगी" घंटा ही समुद्रापलीकडूनच आली असेल असेंही गृहीत धरतां येत नाहीं.

४

सनाच्या बाबतींत एक साधा नियम सांगतां येतो. घंटेवरील सन हा ती ओतल्याचा सन होय, जिंकल्याचा नव्हे, व देवळांत टांगल्याचा तर नव्हेच. १७३९ नंतरचा सन असलेली घंटा वसईच्या लुटींतील असणें शक्य नाहीं, हा निषेध पक्का आहे. परंतु १७३९ पूर्वींचा सन असल्यानें ती वसईची आहे हें सिद्ध होत नाहीं. केवळ असूं शकेल इतकेंच ठरतें.

या नियमास देवळाच्या काळाची जोड दिली म्हणजे परंपरेंतील एक सांधा उघडा पडतो. मेणवलीच्या घंटेवर बाल येशूसह मेरीची आकृति असून सन १७०७ चा आहे. आतां मेणवली गांव नाना फडणिसांस मिळालें तें १७६८ च्या सुमारास. तेथील वाडा, घाट व मेणेश्वराचें देऊळ हें सर्व त्यानंतरचें. नानांचा जन्म १७४२ चा, आणि चिमाजी आप्पा १७४० च्या डिसेंबरांतच निवर्तले. तेव्हां चिमाजी आप्पांनीं मेणवलीस घंटा वाहिली हें वाक्य जसेंच्या तसें खरें असूं शकत नाहीं. नाशकाचेंही तसेंच. नारो शंकर राजेबहादर यांनीं गोदेच्या कांठीं बांधविलेलें रामेश्वराचें देऊळ १७४७ चें आहे, व त्यावरील घंटेवर १७२१ हा सन युरोपीय आंकड्यांत आहे. वसई पडली आणि देऊळ उभें राहिलें यांत आठ वर्षांचें अंतर आहे.

यावरून परंपरा टाकून द्यावी काय? आमच्या मतें नाहीं. यावरून निघतें तें एवढेंच कीं, कोंकणांतील बुरूज आणि देशावरील देऊळ यांच्यामध्यें घंटेचा आणखी एक मुक्काम होता. सरकारी कोठी, तोफखाना, एखाद्या सरदाराचा वाडा अथवा आधींचें दुसरें देऊळ, यांपैकीं कोठें तरी ती राहिली असली पाहिजे, व तेथून पुढें ती कोणाच्या तरी आज्ञेनें दिली गेली असली पाहिजे. दिली गेली तर कोठें तरी खर्चीं पडली असली पाहिजे. म्हणजे हा प्रश्न अखेरीस आपल्या कागदांचाच आहे.

पेशवे दप्तरांतील निवडक कागदांचे ४५ खंड सरदेसायांच्या संपादकत्वाखालीं १९३० ते १९३४ या वर्षांत छापले गेले, व त्यांत वसईच्या मोहिमेच्या कागदांनाही स्थान आहे. परंतु घंटेचा मागमूस लढाईच्या पत्रांत शोधण्यापेक्षां देवस्थानांच्या जमाखर्चांत, कोठीच्या झाडतींत, आणि घाटचढीच्या बिगारीच्या नोंदींत शोधणें अधिक फलदायी होईल असें आम्हांस वाटतें. वाचणारांस एक सूचना. मोडींत अनुस्वार बहुधा गाळला जातो. त्यामुळें "घंटा" हा शब्द "घटा" असा लिहिलेला दिसणें संभवतें, व घाईंत तो घट किंवा घाट समजून वाचणारा पुढें जाण्याचा फार संभव आहे. असा शब्द मणांच्या आंकड्याजवळ आढळल्यास थांबून पाहावें.

५

मणांचा आंकडा म्हटला म्हणजे वजनाचा विचार आला. घंटा कोणत्या वाटेनें वर चढली याची किल्ली तिच्या वजनांतच आहे. युरोपीय घडणीची, कांठाशीं एक मीटर व्यासाची घंटा मोटें ६०० किलोच्या आसपास भरते. व्यास दुप्पट झाला कीं वजन आठपट होतें. हा हिशेब हाताशीं असला म्हणजे ऐकीव आंकडे तपासतां येतात. मेणवलीच्या घंटेचें वजन सुमारें ६५० किलो सांगतात. तें खरें असेल तर कांठाचा व्यास एक मीटरहून किंचित् अधिक भरला पाहिजे. नाशकाच्या घंटेविषयीं "सहा फूट" हा आंकडा प्रसिद्ध आहे, व तो पुष्कळदां व्यास म्हणून छापला जातो. सहा फूट व्यासाची घंटा साडेतीन हजार किलोंच्याही वर जाईल, आणि तशी वस्तु त्या भिंतीवर टांगणें सोपें नव्हे. सहा फूट हा परीघ धरल्यास व्यास ५८ सेंटिमीटर व वजन सुमारें १२० किलो निघतें. आमच्या मतें हा परीघच असावा. एका शब्दाच्या चुकीनें घंटा तीसपट जड होते, हें ध्यानांत ठेवून मापें छापावीं.

आतां मुळशीच्या घाटांचा विचार करूं. सवाष्णीसारख्या पायवाटेनें १२० किलोंची घंटा चौघे-सहाजण दांड्याला बांधून वर आणतील. बैलावर ती लादतां येणार नाहीं, कारण ओझें दोहों बाजूंस सारखें विभागावें लागतें व घंटेचे दोन भाग होत नाहींत. परंतु साडेसहाशें किलोंची घंटा याच वाटेनें चढविणें जवळ जवळ अशक्य. तिला रुंद घाट व पुष्कळ माणसें हवींत. म्हणून मोठ्या घंटा मोठ्या घाटांच्या वाटेवरील देवळांत सांपडाव्या आणि मुळशीसारख्या दुर्गम मावळांत सांपडल्याच तर त्या लहान असाव्या, असें अनुमान करतां येतें. लहान घंटेकडे मात्र कोणाचें लक्ष जात नाहीं.

६

नादाविषयीं आतां सांगितलें पाहिजे, कारण घंटेचा खरा मजकूर तोच. टोला पडतांच कानास जो स्वर प्रथम लागतो तो षड्ज मानला, तर चांगल्या युरोपीय घंटेंत त्याच्या खालीं एक सप्तक मंद्र षड्ज घुमत राहतो, वर तार षड्ज असतो, मध्यें पंचम असतो, आणि या सर्वांत ठळकपणें कोमल गांधार ऐकूं येतो. शुद्ध नव्हे, कोमल. आणि म्हणूनच त्या घंटांच्या आवाजांत एक प्रकारचा करुण भाव आहे असें ऐकणारास वाटतें. टोल्याचा स्वर लवकर विरतो. खालचा मंद्र स्वर सर्वांत शेवटीं जातो.

हे स्वर एकमेकांशीं बरोबर जुळविण्याची कला नेदरलंड्समध्यें हेमोनी बंधूंनीं सतराव्या शतकाच्या मध्यास साधली. घंटा आंतून कांतून ते स्वर उतरवीत. खेड्यांतील चर्चकरितां ओतलेल्या सामान्य घंटा सांच्यांतून निघत तशाच टांगीत, व त्यांचा मंद्र षड्ज कांहींसा चढा किंवा उतरा, पंचम ढळलेला असा असे. हा दोष आपल्या कामाचा आहे. प्रत्येक घंटेचा ढळ निराळा असल्यामुळें तिचा आवाज ही तिची अंगठ्याची खूण होते. एकदां तो ध्वनिमुद्रित करून ठेवला, तर पुढें घंटा बदलली, तडकली किंवा पुन्हा ओतली गेली हें कानांनींच ओळखतां येईल. तडकलेल्या घंटेस आपली भाषा "बद्द" म्हणते तें अगदीं यथार्थ आहे. तींत मंद्र स्वराचा मागचा घुमारा नाहींसा होतो व टोल्याबरोबर नाद बसतो.

७

चर्चमध्यें ही घंटा वाजे कशी, व देवळांत वाजते कशी, यांतील फरकाकडे आजवर दुर्लक्ष झालें आहे. बुरुजावर ती ओंडक्यासकट झोके घेई; पोर्तुगालांत व स्पेनमध्यें तर जड ओंडक्याच्या तोलानें ती कित्येकदां पुरी उलटी फिरवीत. घंटा हालते, लोलक तिला गांठतो, आदळून लगेच सुटतो. झोक्याबरोबर तिचें तोंड इकडे तिकडे वळत असल्यामुळें दूरच्यास तो नाद जवळ येऊन लांब गेल्यासारखा भासे. दिवसांतून तीनदां प्रार्थनेची वेळ, कोणाचा मृत्यु, सणाचा दिवस, हें सर्व टोल्यांच्या रीतीवरून गांवास कळे. ईस्टरच्या आधींच्या गुरुवारपासून ती मुकी होई व तिच्याऐवजीं लांकडी खुळखुळा वाजवीत.

देवळांत तीच घंटा सांखळीनें तुळईस बांधली जाते आणि हालतो तो फक्त लोलक. दर्शनास येणारा एकच टोला देतो. आरतीस टोल्यांमागून टोले पडतात. वाजविण्याच्या या रीतीचा घंटेवर परिणाम होतो. लोलक सदैव एका रेषेंत हालतो, म्हणून कांठाच्या समोरासमोरच्या दोन जागांवर तेवढा मार बसतो व तेथें खळगे पडतात. लोलक कोणी दाबून धरला तर कंप कोंडतो व धातूस ताण बसतो. लोलक गळून पडल्यावर लोखंडी सळईनें किंवा दगडानें बाहेरून ठोकण्याची संवय तर फारच घातक. कांसें कठीण पण ठिसूळ असतें. शंभर भागांत सुमारें ७८ तांबें व २२ कथील असलेला हा धातु वांकत नाहीं, तडकतो. लंडनची प्रसिद्ध मोठी घंटा, बिग बेन, १८५९ त टांगल्यावर थोड्याच महिन्यांत जड हातोड्यामुळें तडकली. तेव्हां ती किंचित् फिरवून हातोड्यासमोर नवी जागा आणली व हातोडा हलका केला, आणि ती आजही त्याच फटीसकट वाजते. हाच उपाय आपल्याकडे सुताराच्या व लोहाराच्या मदतीनें सहज होण्यासारखा आहे: घंटा मुकुटाशीं थोडी फिरवून बांधावी, म्हणजे मार नव्या जागेवर पडेल.

दुसरा शत्रु रंग. भक्तीनें दर उत्सवास दिलेला तैलरंग, शेंदूर व चुन्याचे हात यांनीं नाद मंदावतो आणि लेख भरून जातो. चिंच-राखेनें रोज घासण्यानेंही उठावाचीं अक्षरें झिजतात. १७२१ मधील शेवटचा आंकडा १ कीं ७ हें उद्यां वाचतां न आल्यास तो दोष पोर्तुगीजांचा नव्हे, चिमाजी आप्पांचाही नव्हे, तो आपला.

८

येथें एका नाजूक गोष्टीचा उल्लेख करणें अवश्य आहे. कित्येक पुजाऱ्यांस अशी भीति वाटते कीं, घंटेवर क्रूस आहे हें लिहिलें गेलें तर ती कोणी मागावयास येईल, किंवा तिला देवापुढून काढावें लागेल. उलट कांहीं अभिमानी जनांस तींत विजयाखेरीज दुसरें कांहीं दिसत नाहीं. आम्हांस दोघांसही सांगावयाचें आहे कीं, या घंटेस आयुष्यें दोन आहेत. एका गांवच्या लोकांनीं ती ओतविली, तिला नांव देऊन तेलानें अभिषेक केला. दुसऱ्या गांवच्या लोकांनीं तिला पावणेतीनशें वर्षांहून अधिक काळ आपल्या देवापुढें वाजविलें. वसईकडचा ख्रिस्ती समाज आजही तेथें नांदतो, आणि त्या सनावर व नांवावर त्याच्याही पूर्वजांचा इतिहास कोरलेला आहे. नोंद केल्यानें कोणाचें कांहीं जात नाहीं. न केल्यानें दोघांचेंही जातें.

म्हणून मंडळाच्या सभासदांनीं व वाचकांनीं जेथें अशी घंटा आढळेल तेथें पुढील गोष्टी टिपाव्या:

(१) कांठाचा व्यास, परीघ, मुकुट सोडून उंची, व जाड पट्ट्याची जाडी. माप कशाचें तें स्पष्ट लिहून.
(२) लेखाचा व चित्रांचा कागदावर घेतलेला ठसा. कोरडा मऊ ब्रश वापरावा. अॅसिड किंवा खरखरीत वस्तु लावूं नये.
(३) लोलक मूळचा कीं नवा, खळगे कोठें, तडा कोठें.
(४) लोलकानेंच हलका एक टोला देऊन, नाद पूर्ण विरेपर्यंत घेतलेलें ध्वनिमुद्रण.
(५) पुजारी व वृद्ध गांवकरी यांच्या तोंडची कथा, त्यांच्याच शब्दांत. आपल्या सुधारणेसह नव्हे.
(६) देवळाचा बांधकामाचा काळ, व देवस्थानापाशीं जुने जमाखर्च असल्यास त्यांची यादी.

मुळशीकडील वाचकांस आमची विशेष विनंति आहे. १९२१ सालीं सुरू झालेला सत्याग्रह सेनापति बापटांनीं चालविला तरी टाटांचें धरण झालेंच, व मुळा-नीळेच्या खोऱ्यांतील सुमारें पन्नास गांवांच्या जमिनींवर पाणी चढलें. घरें उठलीं तसे देवही उठले. त्यांच्याबरोबर कोणत्या घंटा कोठें गेल्या हें सांगणारीं माणसें आतां क्वचित् उरलीं आहेत. वर चढलेल्या वाड्यावस्त्यांच्या नव्या देवळांत जुन्या घंटा टांगलेल्या असतील, त्यांचा रंग न खरवडतां, पण कांठाखालीं हात घालून पाहावें. कंबर आंत वळलेली व कांठ जाड लागला, तर टेप लावावी, एक टोला द्यावा, आणि शेवटचा स्वर जाईपर्यंत ऐकत उभें राहावें. जें आढळेल तें, लहान असो मोठें असो, मंडळाकडे कळवावें.